गाणं शिकायला लागले आणि गाण्यातला देव हरवला

नुसती_ऐकणारी

प्रश्न जरा विचित्र आहे. पण इथे गाणारे, चित्रं काढणारे, देव मानणारे, न मानणारे असे सगळेच आहेत म्हणून विचारते.

मी धार्मिक नाही. पूजाअर्चेत मन रमत नाही, ध्यानाला बसलं की पाच मिनिटांत उद्याची कामं आठवायला लागतात. पण गाणं ऐकताना, त्यातही संथ आलाप ऐकताना, काहीतरी व्हायचं. आपण कोण, कुठे बसलोय, किती वाजले, हे सगळं थोडा वेळ पुसलं जायचं. डोळे भरून यायचे, पण दुःख म्हणावं असं काही नसायचं. लोक ज्याला देव म्हणतात ते हेच असेल, तर आपली काही हरकत नाही असं वाटायचं.

त्या ओढीनेच शिकायला लागले. आणि आता ते होतच नाही. आलाप सुरू झाला की कान कामाला लागतात. हा गांधार (म्हणजे सारेगमतला ग) आंदोलित, म्हणजे झुलता, होता का, न्यास (विसावा) कुठे केला, हा स्वर आरोहात घेतला की फक्त अवरोहात. परवा एक जुनं, अतिशय आवडतं ध्वनिमुद्रण लावलं, तर विलंबित सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत मी बोटांवर मात्रा मोजत होते. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, बरोबर सापडली याचा आनंद झाला म्हणा. पण तो शब्दकोडं सुटल्याचा आनंद.

तर, शिकताना हे सगळ्यांचंच होतं का, आणि गेलेलं परत येतं का? आणि मुळात जे होत होतं ते अध्यात्म वगैरे होतं, की नुसतं भावना उचंबळणं? भावनाच असेल तर गेली तर गेली, एवढं काय त्यात.

शंकेखोर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, पहिल्यातलं मला कळत नाही.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात यावर बरंच काम झालंय. गाणं ऐकताना अंगावर काटा येतो त्या वेळी मेंदूत काय चाललेलं असतं हे त्यांनी २००१ मध्ये स्कॅन करून पाहिलं. खाणं, पैसा, प्रेम यांनी जे भाग चाळवतात तेच चाळवले होते. २०११ च्या अभ्यासात डोपामिन, म्हणजे मेंदूतलं सुखाशी जोडलेलं एक रसायन, मोजलं. त्यात गमतीची गोष्ट अशी निघाली की काटा येतो त्या क्षणी एका भागात डोपामिन स्रवतं आणि त्याच्या काही सेकंद आधी, म्हणजे 'आता ती जागा येणार' असं वाटत असताना, वेगळ्याच भागात. म्हणजे निम्मी मजा वाट बघण्यात.

तुम्ही शिकायला लागल्यावर काय येणार ते तुम्हाला आधीच कळायला लागलं. अंदाजाचा हिशोब बदलला, काटा गेला. होती ती भावनाच होती, आणि छान होती. देवाला मधे आणायची गरज दिसत नाही.

अर्धीमात्रा

शंकेखोर, डोपामिन स्रवतं म्हणून अनुभव खोटा कसा? गणित सुटतं तेव्हाही मेंदूत काहीतरी होतच असणार. म्हणून उत्तर चुकीचं ठरत नाही. मेंदूत काय होतं हे सांगितल्याने, जे दिसलं ते खरं की खोटं, याचा निकाल लागत नाही.

ताई, तुमचा दुसरा प्रश्न फार जुना आहे. संत ऑगस्टीन (३५४ ते ४३०) याच पेचात अडकला होता. चर्चमधलं गाणं ऐकून तो ढसाढसा रडलेला. पुढे आत्मकथन लिहिताना त्याला शंका यायला लागली की आपण देवाच्या शब्दांनी रडलो की सुरांनी. शब्दांपेक्षा सूरच जास्त भिडला असेल तर ते पाप, असं तो लिहितो. अशा वेळी गाणं ऐकलंच नसतं तर बरं, असंही म्हणतो. आणि तरीही चर्चमध्ये गाणं असावं याच बाजूने शेवटी कौल देतो, कारण कानाच्या सुखातून दुबळं मन भक्तीकडे वळतं. मला हा माणूस आवडतो तो यासाठी की त्याने प्रश्न सोडवल्याचा आव आणलेला नाही.

आपल्याकडे अशी अपराधी भावना त्या मानाने कमी. याज्ञवल्क्य स्मृती म्हणजे खरं तर कायदेकानू, वारसा, प्रायश्चित्तं यांचा ग्रंथ. त्यातसुद्धा मधेच एक श्लोक येतो की वीणावादनाचं तत्त्व जाणणारा, श्रुती (सूक्ष्म स्वर) आणि जातींमध्ये (रागांच्या आधीचे स्वररचनेचे प्रकार) प्रवीण, ताल जाणणारा माणूस अनायासे मोक्षाच्या वाटेला लागतो.

मंद्र

अर्धीमात्रा, श्रुती, जाती आणि ताल जाणण्यातच जन्म जातो हो. मग पुढचं अनायासे.

मी शिकवतो, म्हणून पहिल्या प्रश्नावर बोलतो. होतं. मनापासून ऐकणारे जे शिकायला येतात त्यांचं तर हमखास होतं. ज्याला आधी काही होतच नव्हतं, त्याचं जाणार काय?

असं कोणी सांगितलं की मी राग, बंदिश, ताना सगळं बाजूला ठेवायला लावतो आणि तंबोऱ्यासमोर बसवतो. गायचं नाही. नुसता जुळवायचा. पंचमाची (प) तार, षड्जाच्या (सा) दोन जोडीच्या तारा आणि खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची तार. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा असतो, जीवा म्हणतात त्याला. तो केसभर, अगदी केसभर पुढेमागे सरकवत जायचं. एका जागी तार मुकी असते, ठण् होऊन थांबते. थोडं सरकवलं की चरचरते. या दोन्हींच्या मधे कुठेतरी अशी जागा सापडते की तार उलगडायला लागते आणि आवाज संपता संपत नाही. जवारी लागली म्हणतात ती ही. मग खर्जाची तार एकटी छेडायची आणि गप्प बसायचं. तीत षड्ज तर आहेच. वर पंचम ऐकू येतो. आणि नाद विरत जाताना त्यातून गांधार निघतो. गांधाराला लावलेली तार तंबोऱ्यात नाही, कोणी तो गायलेला नाही, तरी स्वच्छ गांधार. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात.

नवीन माणसाला तो लगेच ऐकू येत नाही. 'येतोय का, येतोय का' करत बसलं तर मुळीच नाही. आणि येतो तेव्हा 'मला काही होतंय का' हे तपासायला आपण जागेवर नसतो, सगळं लक्ष तारेत गेलेलं असतं. तुमचं पूर्वी जे व्हायचं त्यात डोळ्यांतलं पाणी मला महत्त्वाचं वाटत नाही. ते अख्खं लक्ष महत्त्वाचं वाटतं. सध्या ते मात्रा मोजायला गेलंय, कारण मोजणं नवीन आहे. ठेका अंगात मुरला की मोजणं आपसूक सुटतं. लयीचं भान राहतं, बोटं थांबतात.

शंकेखोर

स्वयंभू वगैरे काही नाही त्यात. कुठलीही ताणलेली तार मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपटीने पण कंप पावते, त्यांना हार्मोनिक म्हणतात. पाचपट म्हणजे दोन सप्तकं वरचा शुद्ध गांधार. तंबोऱ्याची घोडी सपाट नसून किंचित बाकदार असते, तार तिला घासत राहते, म्हणून हे वरचे स्वर जास्त उठतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच यावर लिहिलंय.

मंद्र

बरोबर आहे तुमचं सगळं. ऐकलाय का कधी?

शंकेखोर

नाही.

माजी_विद्यार्थी

इथे सगळे 'परत येईल' म्हणणार हे दिसतंय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझं परत आलं नाही. बरीच वर्षं शिकलो, परीक्षा दिल्या, गुरुजी उत्तम होते. गळाही ठीक होता. पण मैफलीला गेलो की मी परीक्षक होऊन बसायचो. शेजारचा माणूस डोळे मिटून डोलतोय आणि मी म्हणतोय, निषाद खाली लागला. शेवटी शिकणं सोडलं. त्यानंतरही काही काळ कान तसेच राहिले, मग हळूहळू सैल पडले. आता मी आनंदात ऐकतो.

प्रत्येकाने करून बघायलाच हवं असं काही नाही. काही लोकांची जागा समोरच्या सतरंजीवर असते आणि ती काही कमी दर्जाची नाही.

कोरडा_कुंचला

माजी_विद्यार्थी यांना अर्धं अनुमोदन. चित्रकलेतही हे होतं. शिकायला लागलं की चित्रात आधी चित्र दिसतच नाही, रंग कसा लावलाय ते दिसतं. खाली कुठला थर दिला असेल, कडा ओल्यावर ओढली की कोरड्यावर. माझं हे आजतागायत गेलेलं नाही. पण त्याने आड येतं असं मला वाटत नाही. उलट हाताचा माग काढत गेलं की त्या माणसाच्या शेजारी उभं राहिल्यासारखं होतं. चारशे वर्षांपूर्वी इथे याचा हात थबकला होता, इथे त्याने पुसून परत केलं. माझ्या लेखी हा संवादच आहे. अध्यात्म म्हणायचं तर म्हणा.

एक उदाहरण देतो. अमेरिकेत ह्यूस्टनला रॉथको चॅपल आहे, १९७१ मध्ये खुलं झालेलं. कुठल्याही एका धर्माचं नाही. अष्टकोनी खोली आणि भिंतींवर चित्रकार मार्क रॉथकोची १४ प्रचंड चित्रं. आत देव नाही, आकृती नाही, काही म्हणजे काही नाही. पहिल्या नजरेला सगळी काळीच. 'यासाठी एवढ्या लांब आलो?' असा माणसाचा चेहरा होतो. बसून राहिलं, डोळे उजेडाला सरावले, की काळ्यातून जांभळट, तपकिरी, काळसर तांबडा असे रंग वर यायला लागतात. छतातून येणारा उजेड ढगांबरोबर बदलतो तशी चित्रं बदलतात. मंद्र यांच्या गांधारासारखंच, मला वाटतं. जे आहे ते आधीपासून तिथेच आहे. थांबणाऱ्याला दिसतं.

खुद्द रॉथकोने ते चॅपल पूर्ण झालेलं पाहिलं नाही. १९७० मध्येच तो गेला, स्वतःच्या हाताने. तेव्हा कला माणसाला तारतेच, असं मात्र कोणी मला सांगू नये.

मागच्या_रांगेतली

तुम्ही सगळे फार वरच्या पट्टीत बोलताय. माझा आवाज बेताचा, सुराचं ज्ञान त्याहून बेताचं. मी समूहगानात मागच्या रांगेत उभी राहते. मला एकटीने ऐकताना कधी काही झालं नाही. पण वीस-पंचवीस जणी एका सुरात शिरतो आणि माझा आवाज मला ऐकू येईनासा होतो, म्हणजे मी गातेय की नाही तेच कळत नाही, तेव्हा जे होतं ते तुम्ही वर वर्णन केलंय तेच असावं.

यात शिकण्याचा प्रश्नच येत नाही हो. चुकले तरी शेजारणीच्या आवाजात वाहून जातं.

शंकेखोर

@मागच्या_रांगेतली, याचंही स्पष्टीकरण आहे, रागावू नका. एकत्र गाताना सगळ्यांचा श्वास एका वेळी घेतला जातो आणि श्वासाबरोबर हृदयाचे ठोके वरखाली होतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की एका सुरात गाणाऱ्यांच्या ठोक्यांचा चढउतार एकमेकांशी जुळतो.

याहून मला आवडलेला अभ्यास इटलीतला आहे, २००१ चा. त्यांनी लोकांना लॅटिनमधून ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि मग 'ॐ मणि पद्मे' हा बौद्ध मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी आपला बारा-पंधरा असतो. सहावर आला की रक्तदाब आणि हृदय यांचा ताळमेळ सुधारतो, मन शांत होतं. दोन धर्म, दोन भाषा, आणि आकडा तोच. मला हे कुठल्याही चमत्कारापेक्षा भारी वाटतं.

अर्धीमात्रा

शंकेखोर, शेवटचं वाक्य तुम्हीच लिहिलंत ना? खातं हॅक नाही ना झालं?

शंकेखोर

भारी वाटतं म्हणालो. पाया पडतो म्हणालो नाही.

आणि आता विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बोलतो. कलेतून अध्यात्माकडे वगैरे ऐकलं की मला ऑशविट्झ ही नाझींची छळछावणी आठवते. तिथे कैद्यांचे वाद्यवृंद होते. बायकांच्या छावणीतल्या वाद्यवृंदाची प्रमुख आल्मा रोझे, व्हिएन्नाची नावाजलेली व्हायोलिनवादक. १९४४ मध्ये ती तिथेच मेली. सकाळी कैदी कामाला निघताना आणि संध्याकाळी परतताना या बायका फाटकाशी मार्च वाजवत. आणि छावणीचे अधिकारी येऊन संगीत ऐकत बसत, आवडीने, फर्माइशी करून. त्यांच्याही अंगावर काटा येत असणार. तेच डोपामिन. मग तेही कशाशी तरी 'जोडले' जात होते का?

वाचनमात्र

धागा वाचनखूण म्हणून साठवला आहे. वाद चालू द्या.

संपादक

चर्चा चांगली चालली आहे. दोन प्रतिसाद काढले आहेत. कुठल्या धर्मात संगीताला किती जागा, यावरची भांडणं कृपया इथे नकोत.

अर्धीमात्रा

शंकेखोर यांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मला त्यावर सापडलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर अकराव्या शतकातलं आहे. गझाली (१०५८ ते ११११) हा इस्लामी धर्मशास्त्रातला फार मोठा माणूस. संगीत ऐकावं की नाही यावर त्याच्या काळात कडाक्याचा वाद होता आणि त्याने त्यावर सविस्तर लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की संगीत मनात नवीन काही घालत नाही, मनात जे आधीपासून असतं तेच वर आणतं. ज्याच्या मनात ईश्वराची ओढ आहे त्याची ती ओढ वाढेल. ज्याच्या मनात वासना आहे त्याची वासना. म्हणून एकासाठी ते योग्य आणि दुसऱ्यासाठी घातक.

हे मान्य केलं तर त्या अधिकाऱ्यांचं कोडं उरत नाही. पण मग संगीत माणसाला चांगलं बनवतं हा आपला लाडका दावाही उरत नाही. मला तो सोडायला फारसं वाईट वाटत नाही.

आता ताईंसाठी. मंद्र जे म्हणाले तेच काश्मीरच्या अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी शास्त्र म्हणून मांडलंय. रस, म्हणजे कलेचा आस्वाद, अनुभवायला आड येणारी सात विघ्नं त्याने सांगितली. त्यातलं एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं. घरून भांडून आलाय, किंवा आनंदाची बातमी खिशात आहे, समोर काय चाललंय ते आत शिरतच नाही. यात आनंदही मोडतो, हे लक्षात घ्या. आपल्याला झालेला आनंद धरून ठेवायचा, तो परत मिळावा म्हणून टपून बसायचं, हेही त्याच विघ्नात जमा करायला माझी तरी हरकत नाही. पुढे विश्वनाथाने साहित्यदर्पण या काव्यशास्त्राच्या ग्रंथात रसाच्या आस्वादाला ब्रह्मास्वादाचा सहोदर म्हटलं. सख्खा भाऊ. बारकावा बघा, भाऊ म्हटलंय, तोच आहे असं म्हटलेलं नाही. ऑगस्टीनला हे वाचायला मिळतं तर कदाचित रात्री नीट झोपला असता.

सूरदास_नव्हे

इथे एक गाण्यातलं दगड माणूस आहे हो. मला गाण्याने काहीच होत नाही. आवाज नीट ऐकू येतो, चाल ओळखता येते, बेसूर कळतो. सुख होत नाही, बस. लोक मला अरसिक म्हणायचे. पुढे कळलं की याला नाव आहे, बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशा माणसांवर अभ्यास केलाय. बाकी सगळ्या गोष्टींचं सुख त्यांना होतं, फक्त संगीताचं नाही.

तर गाणं हा एकच दरवाजा असेल तर आम्ही कायमचे बाहेर. सुदैवाने तसं नाही. मी झाडांची पानं काढतो, पेन्सिलने. एक पान घेऊन बसायचं. मधली शीर, तिला फुटलेल्या बाजूच्या शिरा, त्या समोरासमोर फुटल्यात की आलटून पालटून, कडेपर्यंत जातात की आधीच वळतात. कीड लागलेलं पान असेल तर उत्तम, कारण तिथे शिरांची जाळी उघडी पडलेली असते. कधी कधी मान वर करतो तेव्हा खोलीत अंधार झालेला असतो आणि मला तो झालेला कळलेला नसतो. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी कोणाला दाखवायलाही ती चित्रं काढत नाही.

बोरू

सूरदास, तुमच्या प्रतिसादाला मनापासून दाद. पान आणि बोरू, आपण शेजारी शेजारी बसायला हवं.

मी सुलेखन करते. बोरूचं (लेखणीचं) टोक किती रुंद कापलं त्यावर अक्षराचं सगळं माप ठरतं. उंची अमुक टोकं, जाडी एक टोक. काना ओढताना श्वास रोखला जातो, ओढून झाला की सुटतो. शाई जास्त झाली तर शेवटी थेंब साचतो, कमी झाली तर काना मधेच कोरडा पडून कागदाचे रेषे दिसायला लागतात. या दोन्हींकडे लक्ष असताना 'मी' नावाच्या बाईला त्या कागदावर जागा नसते.

अरबी सुलेखनात हे माप फार कडक. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्लाने ठिपका हे एकक ठरवलं. बोरू कागदावर तिरका टेकवला की चौकट ठिपका उमटतो. अलिफ, म्हणजे पहिलं अक्षर, इतके ठिपके उंच, बाकीची अक्षरं त्या हिशोबात. शिकणारा वर्षानुवर्षं गुरूच्या अक्षरांची नक्कल करत राहतो. गुरूने इजाजत दिली की मगच स्वतःच्या लेखनाखाली सही करता येते. तोपर्यंत सही नाही. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे पहिल्याच महिन्यात फोटो काढून चढवतात, खाली नाव घालून.

ताईंचं दुखणं मला ओळखीचं आहे. अक्षराचं माप शिकत होते तेव्हा चांगलं अक्षर दिसलं की मनातल्या मनात ठिपके मोजायची. कधी थांबलं ते आठवत नाही. थांबलं एवढं खरं.

नुसती_ऐकणारी

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळे दोनदा वाचले.

मंद्र सर, तुमचं पटतंय, पण त्यात एक मेख आहे. 'शोधू नकोस, मग सापडेल' असं सांगितलं की माणूस न शोधण्याचं नाटक करत शोधतच राहतो. अभिनवगुप्ताचं विघ्न वाचून तर मी परवापासून 'मी टपून बसलेय का' हे बघत टपून बसलेय. 😀

माजी_विद्यार्थी, तुमचा प्रतिसाद वाचून खरंच हलकं वाटलं. सोडणं हाही पर्याय आहे हे कोणी बोलत नाही. मी अजून सोडणार नाहीये, पण दार उघडं आहे हे माहीत असलेलं बरं.

मागच्या_रांगेतली, तुमच्या रांगेत जागा आहे का?

मागच्या_रांगेतली

आहे. फक्त मात्रा मोजायच्या नाहीत, आमची लय पळते.

मंद्र

नाटक करायचं नाही, काम बदलायचं. शोधणाऱ्या मनाला 'शोधू नकोस' सांगून उपयोग नसतो, त्याला दुसरं काहीतरी शोधायला द्यायचं. म्हणून तर गांधार. तो खरोखर तिथे असतो. सापडला की सापडला, नाही तर नाही, त्यात स्वतःची फसवणूक करता येत नाही. भाव आला की नाही यावर माणूस स्वतःला कसंही पटवून घेतो.

दुसरं, शिकण्याचं ऐकणं आणि ऐकण्याचं ऐकणं वेगळं ठेवा. वहीपेन्सिल घेऊन बसाल ते ध्वनिमुद्रण वेगळं, मनासाठीचं वेगळं. जो राग सध्या शिकताय तो मनासाठी ऐकूच नका. जे तुम्हाला अजिबात येत नाही ते लावा, दुसऱ्या परंपरेतलं, अनोळखी भाषेतलं. कानाला नावं ठेवायला काही मिळालं नाही की तो गप्प बसतो.

तिसरं, गाता येत नाही असे दिवस वाया गेले समजू नका. कुमार गंधर्वांना क्षयामुळे काही वर्षं गाणं बंद ठेवावं लागलं होतं. देवासला पडल्या पडल्या ते कानावर पडणारी माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले. पुढे त्यांच्या गाण्यात जे आलं त्यातलं पुष्कळ त्या ऐकण्यातून आलं. त्यांचे निर्गुणी भजन ऐकून देव न मानणारी माणसं स्तब्ध बसलेली मी पाहिली आहेत, आणि देव मानणारी चुळबुळ करताना पण पाहिली आहेत.

नुसती_ऐकणारी

घरी तंबोरा नाही, मोबाइलवरचं ॲप आहे. त्यात गांधार ऐकू येईल का? की खरा तंबोराच हवा?

मंद्र

खरा तंबोरा असेल तर त्याला तोड नाही, कारण जुळवणं हाच अर्धा रियाज. पण चांगल्या ॲपमध्ये खऱ्या तारांचं ध्वनिमुद्रण असतं, त्यात येईल. गती अगदी कमी ठेवा, म्हणजे खर्जानंतर पुढची तार लवकर येणार नाही. आवाज लहान. मोठा केला की षड्जच सगळी जागा खातो.

शंकेखोर

ॲप उतरवून घेतलं. काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी), सगळ्यात संथ गती. आधी काही नाही, नुसती घूंऽऽ. मग ऐकू आला. एकदा ऐकू आला की आता बंदच होत नाहीये, बायको विचारतेय काय लावलंय.

एक तांत्रिक शंका. माझ्या फोनचा स्पीकर एवढासा आहे. काळी एकचा खर्ज ७० हर्ट्झच्या आसपास येतो आणि असला स्पीकर ७० हर्ट्झ वाजवूच शकत नाही. त्याच्या पाचपट, म्हणजे ३५०, आरामात वाजवतो. म्हणजे खर्ज मुळात वाजतच नाहीये, वरचे स्वर ऐकून मेंदू तो भरून काढतोय, आणि गांधार मात्र खराखुरा वाजतोय. उलटंच झालं की हे सगळं.

आणि हो, हा देव नाही. पाचवा हार्मोनिक आहे.

मंद्र

कोण नाही म्हणतंय? आता हेडफोन लावा आणि पंचमाच्या तारेकडे या. तिच्यात रिषभ (रे) असतो आणि त्याच्या वर निषाद (नी). रिषभ लवकर सापडेल, निषादाला वेळ लागतो. सापडला की इथेच कळवा.